दार नसलेल्या घरात चार दारांची गाडी

मैत्रिणींनो, शनिशिंगणापूरहून आपल्या एका वाचक भगिनीचं पत्र आलंय. चार पानांचं, दोन्ही बाजूंनी लिहिलेलं. त्यातला मुद्द्याचा भाग असा:

‘घरात आम्ही पाच माणसं. सासूबाई, हे, मी, तीन वर्षांचा मुलगा आणि सात महिन्यांची मुलगी. पावसाळ्यात एका रात्री मुलीला सणकून ताप भरला. हे कारखान्यावर रात्रपाळीला. शेजारच्या भाऊंची जीप मिळेपर्यंत पाऊण तास गेला. तेव्हाच ठरवलं, गाडी घ्यायची. दीड लाख जमलेत, नवी काही परवडत नाही. ह्यांना जुन्या घाटणीची पद्मिनी हवी आहे, एक बघूनही आलेत. सासूबाई म्हणतात, काहीही घ्या पण शनिवारी लोखंड घ्यायचं नाही. मला गाडीतलं काहीच कळत नाही. काय घेऊ?’

ताई, काही कळत नाही म्हणता, पण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्हीच लिहिलीत. हे रात्रपाळीला होते. समजा त्या रात्री अंगणात पद्मिनी उभी असती, तर ती चालवली कोणी असती?

तेव्हा पहिला सल्ला हा, की गाडी अशी घ्या, जी तुम्हीसुद्धा चालवू शकाल. आणि गाडी घरी येण्याआधी तुम्ही शिकाऊ परवाना काढा. संसाराची गाडी रोजच्या दिवसाकडे बघून घेतात खरी, पण तिची परीक्षा असते अडीनडीच्या रात्री. ही एकच कसोटी धरून आता एकेक गाडी बघू या.

पद्मिनीबद्दल वाईट बोलवत नाही. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली सुरू केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची, कुर्ल्याच्या कारखान्यातली ही गाडी. आधी फियाट म्हणून आली, सत्तरच्या दशकात पद्मिनी झाली. तेव्हा नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागायची. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्स्या बहुतेक ह्याच. त्यातली शेवटची नोंदलेली टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली, तेव्हा कितीतरी माणसं हळहळली. ह्यांचा जीव तिच्यावर जडला, यात नवल नाही.

पण पद्मिनीचं उत्पादन थांबलं २००० च्या सुमारास. म्हणजे त्यातलं शेंडेफळसुद्धा आज पंचवीस वर्षांचं. स्टेअरिंग जड. जुन्या गाड्यांचा गिअर स्टेअरिंगखालच्या दांडीला. चारही चाकांना जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेक, त्यामुळे पाय चांगला दाबावा लागतो. मागच्या बाकावर पट्टे सहसा नसतातच. आणि तुमची दोन्ही मुलं बसणार मागेच. शिवाय कार्बोरेटरची नस ओळखणारा मिस्त्री आता दुर्मिळ झालाय. एखादा सुटा भाग मोडला, तर नगर नाही तर पुणं, पुणं नाही तर मुंबई. तोवर गाडी अंगणात, आणि तुम्ही पुन्हा शेजारच्या जीपची वाट बघत.

आणखी एक गंमत सांगते. आपल्या भागात उसाला तोटा नाही. त्याच उसापासून बनणारं इथेनॉल आता गाड्यांच्या पोटात जातंय. २०२५ मध्ये पंपावरच्या साध्या पेट्रोलमध्ये त्याचं प्रमाण सुमारे २० टक्क्यांवर आलं. शेतकऱ्याला ते बरं, पण जुन्या गाडीच्या रबरी नळ्या आणि वॉशर त्याच्यासाठी बनलेले नाहीत. ते कडक होतात, चिरतात, पेट्रोल झिरपू लागतं. इथेनॉल हवेतलं पाणीही ओढून घेतं, म्हणून गाडी महिनोन् महिने उभी राहिली तर टाकीत तळाला पाणी साचू शकतं. कोणतीही जुनी पेट्रोल गाडी घेतलीत, तर पेट्रोलच्या नळ्या आधी बदलून घ्या आणि गाडी आठवड्यातून एकदा तरी फिरवा.

अँबॅसिडरचं काय? सासूबाईंना चढाय-उतरायला तिच्यासारखी गाडी नाही. बाक उंच, पाय मोकळे, डिकीत धान्याचं पोतं सहज मावतं. २०१४ पर्यंत ती निघत होती, त्यामुळे बरी अवस्थेतली सापडू शकते. पण पेट्रोल पिते फार, आणि वळवायला दंडात ताकद हवी.

ओम्नी म्हणजे पूर्वीची मारुती व्हॅन. १९८४ साली आली, २०१९ मध्ये बंद झाली. सरकते दरवाजे, भरपूर जागा, सगळं खरं. पण चालवणाऱ्याच्या पायापुढे पत्र्याशिवाय फारसं काही नसतं. अपघाताच्या नव्या नियमांत ती बसेना, म्हणूनच बंद झाली. आणि घरच्या स्वयंपाकाच्या सिलिंडरवर चालणारी ओम्नी कोणी स्वस्तात देऊ केली, तर दोन पावलं मागे सरा. ते बेकायदा तर आहेच, पण जिवाशी खेळ आहे.

राहिली मारुती ८००. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या गाडीच्या किल्ल्या इंदिरा गांधींच्या हस्ते दिल्या गेल्या, आणि जानेवारी २०१४ पर्यंत ही गाडी बनत होती. मोठ्या शहरांत तिची विक्री २०१० मध्येच थांबली, पण आपल्यासारख्या भागात ती पुढे चालूच राहिली. म्हणून २०११ ते २०१३ मधली एका हाताने वापरलेली ८०० आपल्याकडे शोधल्यास मिळते. स्टेअरिंग हलकं, क्लच हलका, पुढे डिस्क ब्रेक, कार्बोरेटरची भानगड नाही, आणि मिस्त्री गावोगावी. घोडेगावात, सोनईत कुठल्याही गॅरेजवाल्याला विचारा, तो डोळे मिटून उघडेल. माझं मत विचाराल तर हीच घ्या.

मात्र तिच्याबद्दल भ्रम नको. तिला एअरबॅग नाही. चालकापुढची एअरबॅग सक्तीची झाली ती जुलै २०१९ पासून. पत्रा हलका आहे. तेव्हा जुन्या गाडीत तुमचं रक्षण दोनच गोष्टी करतात, कमी वेग आणि पट्टा. मागच्या बाकाला खांद्यावरून येणारे पट्टे आहेत का, ते ओढून बघा. नसतील तर ती गाडी सोडून द्या. लहानगीसाठी मागच्या बाकावर उलट्या तोंडाची बाळखुर्ची बांधा. पुढे मांडीवर घेऊन बसणं आपल्याला मायेचं वाटतं, पण गाडी आदळली तर आईचे हात पुरत नाहीत. आणि गळिताच्या दिवसांत अंधार पडल्यावर शक्यतो निघूच नका. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आणि मागे दिवा नसलेल्या बैलगाड्या जुन्या गाडीच्या मिणमिणत्या दिव्यांत अगदी जवळ गेल्यावरच दिसतात. निघावंच लागलं तर सावकाश, आणि समोरचे दिवे आधीच बदलून घेतलेले असावेत.

आता गाडी पारखायची कशी? घोडेगावच्या बाजारात जनावर घेताना घरचे काय करतात, आठवा. दात मोजतात, चालवून बघतात, गाय असेल तर धार काढून बघतात. इथेही तेच.

सकाळी लवकर जा आणि मालकाला आधीच सांगा, की गाडी चालू करून ठेवू नका. बॉनेटला हात लावून बघा, थंड हवं. पहिल्या किल्लीत सुरू झाली तर उत्तम. मागून निळसर धूर येत राहिला, तर इंजिन ऑइल खातंय असं समजा. घरातलं लोहचुंबक फडक्यात गुंडाळून न्या आणि दाराच्या खालच्या कडेवरून, चाकांच्या वरून फिरवा. जिथे चिकटणार नाही, तिथे पत्र्याऐवजी लांबी भरली आहे. पायाखालची चटई उचला. तिथे गंज किंवा वाळलेला गाळ दिसला तर परत फिरा. समुद्रकाठच्या गाड्या खालून गंजतात, आणि २०१९ च्या सांगली-कोल्हापूरच्या महापुरासारख्या पुरात बुडालेल्या गाड्या पुसूनपासून लांबच्या जिल्ह्यांत विकल्या जाऊ शकतात. टायरवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. नक्षी कितीही छान दिसली, तरी फार जुना टायर कडक झालेला असतो.

मिस्त्री मात्र आपला न्या, विकणाऱ्याने सुचवलेला नको. त्याला शंभर-दोनशे जास्त द्या, पण सोबत न्याच. आणि सासूबाईंना, मुलांनाही घेऊन जा. सगळे बसल्यावर गाडी चढावर कशी ओढते, ते बघा.

कागदांत तर मुळीच भिडस्तपणा नको. आरसीवरचा चॅसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः ताडून बघा. गाडीवर कर्जाचा बोजा असेल, तर बँकेचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५ हवा. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. सरकारच्या परिवहन ॲपवर नंबर टाकला, की विमा, पीयूसी आणि थकलेले दंड दिसतात. दिल्लीकडची गाडी स्वस्तात मिळते म्हणून भुलू नका. तिकडे पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल आणि दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले, म्हणून त्या बाहेर येतात. इथे आणल्यावर तिकडचा ना-हरकत दाखला, नवी नोंदणी आणि इथला कर हे सगळं तुमच्या गळ्यात.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. म्हणजे २०१२ च्या गाडीला २०२७ पर्यंत घोर नाही. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण. त्याची फी पाच हजार, आणि गाडी वीस वर्षांवरची असेल तर ऑगस्ट २०२५ पासून दहा हजार. पर्यावरण कर वेगळा. पद्मिनी घेतलीत, तर हा खर्च पहिल्याच फेरीला उंबऱ्यात उभा. पन्नास वर्षांवरची असेल आणि ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवली, तर ती रोजच्या कामाला वापरताच येत नाही. मुलाला बालवाडीत सोडायलासुद्धा नाही!

पैशांचा हिशेब असा करा. दीड लाखातले पन्नास हजार बाजूला काढा, गाडी लाखाच्या आतच बघा. त्या पन्नास हजारांत विमा, नाव बदलणं, टायर, बॅटरी, नळ्या आणि बाळखुर्ची. उरेल ते ‘गाडीचा डबा’ म्हणून ठेवा आणि दर महिन्याला त्यात थोडी भर घाला. जुनी गाडी घेताना स्वस्त पडते आणि मग हळूहळू मागत राहते. डबा रिकामा असला, की नवरा-बायकोत वाद ठरलेला. आणि ताई, साठवणुकीत तुमचाही वाटा आहे, तेव्हा आरसीवर तुमचं नाव घालण्याचा विषय निःसंकोच काढा.

आता एक गोष्ट खास तुमच्या गावासाठी. शिंगणापुरात घराला चौकट असते, दार नसतं. ही रीत सगळ्या देशाला ठाऊक आहे. २०११ साली युको बँकेनेही तिथे बिनकुलपाची शाखा उघडली. तुमच्या मुलाने घरात बंद दार पाहिलेलंच नाही. त्याला पहिलं दार भेटणार ते गाडीचं, आणि एकदम चार! बोट कुठे चेमटतं, आतून दांडी ओढली की काय होतं, हे त्याला ठाऊक नाही. त्याला गाडी उभी असताना नीट शिकवा. मागच्या दारांना मुलांसाठीचा खटका आहे का आणि तो चालतो का, हे घेण्यापूर्वी बघा. गाव सोडून नेवाशाला, नगरला जाल तेव्हा कुलूप लावावंच लागेल, म्हणून चारही कुलपं लावून बघा. मात्र किल्ली मुलांच्या हाती लागू देऊ नका, आणि ‘दोन मिनिटांचं काम’ म्हणून मुलांना गाडीत बंद करून कधी जाऊ नका. आपल्याकडच्या उन्हात बंद गाडी बघता बघता तापते.

ह्यांचं मन मोडू नका हं. पद्मिनी घेऊ, पण मुलं मोठी झाल्यावर, रविवारच्या हौसेसाठी, असं सांगा. माणसाची हौस राहिली, की तो कामाच्या गाडीकडेही नीट बघतो.

आणि सासूबाईंचा शब्द जरूर पाळा. शनिवारी लोखंड घ्यायचं नाही ना? मग शनिवारी फक्त बघून या. चुंबक फिरवा, चटई उचला, चालवून बघा, आणि पैसे घरीच ठेवून जा. गिऱ्हाईक दारात उभं आहे म्हणून विकणारा कितीही घाई करो, एक रात्र मध्ये जाऊ द्या. रविवारी सकाळी चहा घेताना तिघांनी बसून ठरवा.

गाडी आली की कळवा. त्याहून आधी परवाना मिळाला, तर ते आधी कळवा.