बैलाची खोड आणि विकणाराचे मौन

व्यापारात नीती आणावयाची तर पोट कसे भरावयाचे, हा प्रश्न आमचे शेतकरी बंधू वारंवार विचारतात. प्रश्न खोटा नाही. परंतु त्याचे उत्तर ऐन सौद्याच्या वेळी शोधावयास गेले म्हणजे ते बहुधा पैशाच्या बाजूने निघते, हे आम्ही स्वानुभवाने सांगतो.

काही वर्षांपूर्वी आम्ही आमचा एक बैल बाजारात विकला. बैल दिसावयास देखणा, पायांत वा दातांत दोष नाही. मात्र काम वाढले की जुवाखाली बसावयाची त्यास खोड होती. घरात पैशाची निकड होती. घेणाराने दात पाहिले, बैल चालवून पाहिला. दलालाने रुमालाखाली बोटे धरून भाव ठरविला. खोडीविषयी कोणी विचारले नाही, आम्हीही बोललो नाही.

कचेरीत उभी नोकरी घालविलेली, तेव्हा मनाच्या समाधानास कायदाही आठवला. सन १८७२ च्या करार कायद्यात १७ व्या कलमाखाली घोड्याचे उदाहरण आहे. लिलावात सदोष घोडा विकणारा दोषाविषयी गप्प राहिला तर ती फसवणूक नव्हे. परंतु घेणारी त्याचीच नुकती वयात आलेली मुलगी असेल तर दोष सांगणे त्याचे कर्तव्य ठरते. आणि "तुम्ही नाकारले नाहीत तर घोडा निर्दोष समजतो" असे घेणाराने म्हटल्यावर राखलेले मौन बोलण्यासारखेच होय. आम्ही पहिले उदाहरण तेवढे धरले व पुढली दोन सोडली! कारकुनास सोयीचे कलम लवकर सापडते.

पेरणीच्या ऐन वाफशावर बैल तासात बसला. घेणाराची ती एकच जोडी. पुढे भेट झाली तेव्हा तो भांडला नाही, एवढेच म्हणाला, "भाऊसाहेब, सांगितलं असतं तरी मी नेला असता. दोन पैसे कमी दिले असते, अन् पेरणीला दुसऱ्याची जोडी सांगून ठेवली असती."

आमचा पेच उलगडला तो असा उशिरा. खरे बोललो तर बैल खपत नाही, असे आम्ही धरून चाललो होतो. वस्तुतः खोडीची किंमत कोणी सोसावी एवढाच प्रश्न होता, आणि ती आम्ही त्याच्या हंगामावर लोटली. बाजारात उभे असता हे सुचत नाही. अशी प्रकरणे आधी घरी बसून ताडून पाहिलेली असली तरच सुचते. व्यापारनीतीचा अभ्यास म्हणजे आमच्या मते हाच.

कायद्याने सर्व साधते म्हणणारांनी कापसाकडे पाहावे. अमेरिकेतील यादवीमुळे कापसाचे भाव चढले त्या काळात, सन १८६३ मध्ये, मुंबई इलाख्यात भेसळीविरुद्ध खास कायदा करावा लागला. तरी कापसावर पाणी शिंपडण्याची युक्ती आजही कोणास शिकवावी लागत नाही.

आपल्या संघाने मासिक सभेत अर्धा तास अशा प्रकरणांस द्यावा. प्रथम प्रत्येकाने आपला निर्णय सांगावा, मग कायदा वाचावा. आरंभास आमचे बैलाचे प्रकरण घ्यावयास आमची हरकत नाही. त्या घेणारासही आम्ही बोलावणे करू.