"मशीन बदलावं लागेल, साहेब!"

परवाच्या शनिवारची गोष्ट. माझ्या क्वार्ट्झ क्रोनोग्राफचा सेल संपला होता, तो बदलून घेतला. घरी येऊन स्टॉपवॉच चालवलं, थांबवलं, रीसेट केलं. मधला लांब काटा १२ वर यायच्या ऐवजी १७ सेकंदांच्या खुणेवर ठाण मांडून बसला. दहादा केलं, दहादा १७!

रविवारी सर्व्हिस सेंटर गाठलं. काउंटरवरच्या साहेबांनी मागचं झाकण उघडायचेही कष्ट न घेता निकाल दिला, "मशीन बदलावं लागेल. साडेचार हजार. त्यापेक्षा नवीनच घ्या ना!" आणि दिवसभर लोकांचे बग शोधून पोट भरणारा मी चक्क शोकेसमधली नवीन घड्याळं बघायला लागलो. लाज तिथेच वाटायला हवी होती. वाटली ती परतताना रिक्षात.

अहो, दहा वेळा तीच चूक, नेमकी तेवढीच! काटा अडकत असता किंवा चाक झिजलं असतं तर तो दर वेळी वेगळीकडे थांबला असता. म्हणजे मशीन ठीक आहे, फक्त त्याचं 'शून्य' चुकलंय.

आतला क्वार्ट्झ सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा १५ वेळा निम्मा केला की सेकंदाला एक ठोका मिळतो (२ चा १५ वा घात, आठवतंय ना?). काटे हलवतात त्या छोट्या स्टेपर मोटर. काटा खरोखर कुठे आहे हे बघणारा सेन्सर माझ्या घड्याळात नाही, सर्किट नुसती पावलं मोजतं. सेल संपला तेव्हा स्टॉपवॉच चालू राहिलेलं. हिशोब पुसला गेला आणि नवीन सेल घातल्यावर काटा होता तिथलंच शून्य धरलं गेलं. सर्व्हर रीस्टार्ट झाल्यावर मेमरीतलं सगळं जातं, अगदी तस्सं.

मग मॅन्युअल काढलं (हो, तेच, कधीच न वाचलेलं). चावी शेवटच्या खटक्यापर्यंत बाहेर ओढायची, वरचं बटण दाबायचं, काटा एकेक पाऊल सरकतो. १२ वर आला की वेळ लावून चावी आत. मॉडेलप्रमाणे बटणं बदलतात, पण रीत बहुधा हीच. दोन मिनिटं, खर्च शून्य रुपये.

आता कुणी म्हणेल, कारागिराचा वेळ महाग, सबंध मशीन बदलणं स्वस्त पडतं. मान्य! कॉइल तुटली असेल किंवा सेल आत गळला असेल तर खुशाल बदला. पण हा निष्कर्ष तपासणीनंतरचा, तपासणीच्या ऐवजी नव्हे.

२०२२ साली केंद्र सरकारने 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली, पोर्टलही काढलं. उत्तम झालं. पण काउंटरवर "नेमकं काय बिघडलंय?" एवढंही आपण विचारणार नसू, तर तो हक्क काय लोणचं घालायला हवाय?

असो. सोमवारी ऑफिसात कुणी लॉग न बघता "सर्व्हर बदला" म्हणालं तर आपण त्याची सालटी काढतो. मग रविवारी, पैसे आपल्या खिशातले असताना, एवढं मोठं मन कुठून येतं हो?