दोरीला मेण कोण लावणार?

आमच्या सातारा जिल्ह्यात तिरंदाजी आता नवलाची राहिलेली नाही. 2023 मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत आमच्याकडची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे या दोघांनी कंपाउंड प्रकारात वैयक्तिक सुवर्णपदकं आणली, तेव्हापासून वाडीवस्तीवरची पोरंही विचारतात, "सर, धनुष्य केवढ्याला येतं?" याचा मला आनंदच आहे. पण त्या प्रश्नाच्या पाठोपाठ एक खूळ आलंय आणि माझं भांडण त्या खुळाशी आहे. धनुष्य जुनं झालं की टाकायचं आणि नवं आणायचं, हे ते खूळ.

एक पालक मला म्हणाले, "मास्तर, सात वर्सांचं धनुष्य हाय ते. घाला की भंगारात." मी धनुष्य हातात घेऊन पाहिलं. मधला दांडा, ज्याला रायझर म्हणतात, तो धड होता. वरची-खालची पाती, म्हणजे लिम्ब (झाडाचं लिंब नव्हे), सरळ होती. झिजली होती ती फक्त दोरी. तिला लव सुटली होती. आता सांगा, नाडा तुटला म्हणून कुणी मोट विहिरीत टाकून दिली होती का?

आपल्या बापजाद्यांना हे शिकवावं लागलं नाही. मृग निघायच्या आधी वडील सगळी आउतं अंगणात काढायचे. फाळ लोहाराकडून शेवटून यायचा, रुमणं हलत असेल तर सुतार पाचर मारायचा, सोल-चऱ्हाटं नवी वळली जायची. गाडीला वंगणाचं नळकांडं कायम टांगलेलं असायचं. त्या घरात 'जुनं' हा दोष नव्हता, 'हयगय' हा दोष होता. आज त्याच घरातली पोरं मोबाइलची काच फुटली की मोबाइल बदलतात आणि धनुष्यालाही तोच न्याय लावतात.

धनुष्याची निगा म्हणजे काही मोठी विद्या नाही. दोरीला मेण चोळायचं आणि बोटांनी घासून ते ऊब देऊन आत मुरवायचं. नेम धरायचं काम झालं की रिकर्व्ह धनुष्याची दोरी उतरवून ठेवायची. चढवताना पायात अडकवून पातं वाकवायचं नाही, त्याची वेगळी दोरी मिळते, ती वापरायची. नाहीतर पात्याला पीळ बसतो. कोपऱ्यात टेकवून महिनोन् महिने उभं ठेवलं तरी पीळ बसतो. उन्हात उभ्या गाडीत किंवा पत्र्याच्या खोलीत ठेवलं तर पात्याचे चिकटवलेले थर सुटतात, आणि आपल्याकडचा एप्रिल-मे काय असतो ते सांगायला नको. कापसाचा बोळा पात्यावरून फिरवावा; जिथं तंतू अडकतील तिथं चीर आहे असं समजावं. कार्बनचा बाण सोडण्याआधी हलकेच वाकवून कानाशी धरावा. करकर आवाज आला तर तो बाण मोडून टाकावा, कारण तो सुटताना फुटला तर हातात घुसतो. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, बाण न लावता दोरी ओढून सोडायची नाही. बाणात जायचा जोर मग धनुष्यातच राहतो आणि पातं फाटतं. नवं धनुष्य बघायला आलेला प्रत्येक पाहुणा नेमकं हेच करतो!

आता सुधारणेबद्दल. जुन्याला हात लावूच नये असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. दिवाणखान्याच्या भिंतीवर आदिवासी बांधवांचं बांबूचं धनुष्य खिळ्याला टांगून परंपरेवर बोलणारे लोक मला भंगारवाल्यापेक्षा बरे वाटत नाहीत. भंगारवाला निदान वजन तरी करतो. धनुष्य चालतं ठेवायचं असेल तर त्यात नवं घालावंच लागतं. पण काय घालायचं याला अक्कल लागते. जुन्या धनुष्याला नवीन, अजिबात न ताणणारी दोरी लावली की बाण वेगानं जातो खरा, पण जुन्या पात्यांची टोकं त्या झटक्यासाठी केलेली नसतात, ती फुटतात. त्यांना थोडी ताणणारी डेक्रॉनचीच दोरी लावावी. बाण मात्र खुशाल बदलावे, ओढणाऱ्याच्या ताकदीला जुळतील असे. बाणाचा टेकू बदलावा. आता बऱ्याच रायझरना ठरावीक मापाची खोबण असते, त्यात दुसऱ्या कंपनीचीही पाती बसतात. पोराची ताकद वाढली की पाती जड घ्यावीत, दांडा तोच राहू द्यावा. कंपाउंडचं काम मात्र घरी करू नये. त्याच्या केबल आणि चाकं सोडायला धनुष्य दाबून धरणारं यंत्र लागतं, ते असेल तिथंच न्यावं.

कुणी म्हणेल, "मास्तर, पदकं जुन्या धनुष्यावर येत नाहीत." कबूल. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा पहिल्यांदा होणार आहे. तिथं जाणाऱ्याला उत्तमच साहित्य द्यावं, त्यात काटकसर नको. पण बारा वर्षांच्या पोराचा हात अजून वाढतोय. त्याला हलकं धनुष्य, स्थिर खांदा आणि रोजचा सराव लागतो. त्याच्यासाठी बापानं म्हैस विकून महागडं धनुष्य आणावं आणि दोन वर्षांत ते पोराला अपुरं पडावं, यात कुणाचं भलं होतं? विकणाऱ्याचं. इकडं ज्याच्या बापाकडं विकायला म्हैसच नाही, ते पोर मैदानाच्या कडेला उभं राहून नुसतं बघतं. माझा राग त्यासाठी आहे.

हा दोष फक्त पालकांचा नाही. खरेदीला निधी मिळतो, फीत कापायला पाहुणे मिळतात, फोटो छापून येतो. डागडुजीला रुपया नाही, कारण मेणाच्या डबीचं उद्घाटन करता येत नाही. मी अशी कपाटं पाहिली आहेत, की ज्यांत अर्धा डझन धनुष्यं केवळ दोऱ्यांवाचून पडून आहेत आणि बाहेर पोरं एका धनुष्यामागं रांगेत उभी आहेत.

म्हणून माझं मागणं साधं आहे. ज्या शाळेला धनुष्य द्याल तिला दर वर्षी दोऱ्या, मेण आणि थोडे बाणही द्या, आणि निगा राखायला एक माणूस शिकवून तयार करा. नवव्या इयत्तेतली पोरगी ते काम आठवड्यात शिकते. तेवढं जमणार नसेल, तर नवं धनुष्यही देऊ नका. तेही सात वर्षांनी त्याच कपाटात जाणार आहे.