व्यक्तिचित्र आणि त्याचा कर्ता

मराठीत चित्र 'काढतात' आणि फोटोही 'काढतात'. हिंदीत चित्र 'बनवले' जाते, छायाचित्र मात्र 'खेचले' जाते. बंगालीत 'छबि' हा एकच शब्द दोहोंना चालतो. परंतु हाताने करावयाची छबी ती रेखाटावयाची आणि कॅमेऱ्याने घ्यावयाची ती 'उचलावयाची' असा भेद क्रियापद सांभाळते. तमिळमध्येही 'पडम्' हे नाम कायम राहते आणि क्रियापद बदलते. मराठीने हा भेद ठेवला नाही. शिवाय 'व्यक्तिचित्र' ही संज्ञा आपण कुंचल्याच्या कामाला लावतो तशीच लेखणीच्या कामालाही लावतो. भाषेच्या या सवयीवरून सिद्धांत उभारणे धाडसाचे ठरेल, हे खरे. पण आतले काही बाहेर आणणे हा 'काढणे' या क्रियापदाचा मूळ अर्थ लक्षात घेतला, तर एक प्रश्न टाळता येत नाही. चेहऱ्यातून जे काढले जाते ते काढणारा कोण, आणि त्याची नोंद आपण ठेवतो काय?

प्रस्तुत लेखक चित्रकलेचा अभ्यासक नव्हे. तौलनिक साहित्य हे त्याचे क्षेत्र आणि माणसांची छायाचित्रे काढणे हा हौसेचा भाग. या हौसेने एक गोष्ट शिकवली, ती अशी की समोर बसलेला मनुष्य कॅमेऱ्याकडे पाहत नसतो, कॅमेरा धरणाऱ्याकडे पाहत असतो. तोच मनुष्य मित्राच्या छायाचित्रात वेगळा दिसतो आणि ओळखपत्रावर वेगळा. म्हणून व्यक्तिचित्र हा चेहऱ्याचा पुरावा असण्यापूर्वी दोन व्यक्तींमधील संबंधाचा लेख असतो, असे माझे मत आहे. आणि लेख म्हटला की त्याचा कर्ता, काळ आणि प्रसंग विचारणे हे आपल्या विद्याशाखेचे पहिले काम ठरते.

चित्रात कल्पना असते आणि छायाचित्रात सत्य असते, असा एक समज अजूनही रूढ आहे. हा समज छायाचित्रणाच्या आरंभकाळातच खोटा ठरला होता. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तिच्या आरंभीच्या सभासदांपैकी विल्यम जॉन्सन याने १८६३ ते १८६६ या काळात मुंबईतील जातीजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड प्रसिद्ध केले. त्यांतील अनेक चित्रे जोडकामाची आहेत: स्टुडिओत टिपलेली माणसे आणि अन्यत्र टिपलेली पार्श्वभूमी यांचा सांधा त्यांत जुळवलेला आहे. पुढे १८६८ ते १८७५ या काळात 'द पीपल ऑफ इंडिया' हा सरकारी प्रकल्प आठ खंडांत बाहेर पडला. तेथे तर व्यक्ती ही बहुधा जातीचा नमुना म्हणूनच उभी आहे. चेहरा तिचा, मथळा मात्र जमातीचा. यंत्राने खोटे सांगितले असे म्हणता येणार नाही. पण प्रशासक आणि प्रजा यांच्यातील अंतर त्या चित्रांत जसे उतरले आहे, तसे चेहऱ्यामागचे माणूस उतरलेले नाही.

हे अंतर कॅमेऱ्याने निर्माण केले असेही नव्हे. जहांगीरच्या दरबारातील इनायत खान अफू आणि मद्य यांच्या आहारी जाऊन १६१८ साली मरणपंथाला लागला होता. अस्थिपंजर झालेला त्याचा देह पाहून बादशहा चकित झाला आणि त्याने चित्रकारांना त्याची तसबीर काढण्याचा हुकूम दिला. ते रेखाटन आज बोस्टनच्या संग्रहालयात आहे आणि रंगवलेले चित्र ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. केवळ चित्र पाहिले तर त्यात करुणा दिसते, आणि ती चित्रकाराची असणे शक्य आहे. परंतु जहांगीरने आपल्या आत्मचरित्रात हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे. तो वाचल्यावर कळते की मरणोन्मुख माणसाला उचलून दरबारात आणले गेले, आणि 'नाही' म्हणण्याचा अधिकार त्याला नव्हता. चित्राशेजारी हा गद्य उतारा नसता तर आपण या कृतीचे वाचन अर्धवटच केले असते.

या दोन्ही उदाहरणांत काढणारा वरचढ आहे. हौशी माणसाच्या हातून निघालेल्या चित्राचे प्रकरण निराळे असते. त्याचे उत्तम उदाहरण म्हणून शेरगिल कुटुंबाकडे पाहावे. उमरावसिंग शेरगिल (१८७०–१९५४) हे संस्कृत आणि फारसीचे व्यासंगी. छायाचित्रण हा त्यांच्या पोटापाण्याचा उद्योग नव्हता. तरीही अनेक दशके त्यांनी स्वतःची, हंगेरियन पत्नीची आणि मुलींची छायाचित्रे काढली. ऑटोक्रोम ही आरंभीची रंगीत पद्धतीही त्यांनी हाताळली. उपवासानंतरच्या आपल्या कृश, उघड्या देहाचे त्यांनी स्वतः टिपलेले छायाचित्र इनायत खानाच्या चित्राशेजारी ठेवून पाहावे. कृशता दोन्हीकडे आहे; पण येथे बसणारा आणि काढणारा एकच असल्यामुळे देह दाखवण्याचा निर्णय त्या देहाच्या धन्याचा आहे.

त्यांची कन्या अमृता (१९१३–१९४१) बालपणापासून या कॅमेऱ्यासमोर वावरली. तिच्या आत्मचित्रांत, विशेषतः १९३४ च्या 'ताहिती स्त्रीच्या रूपातील' आत्मचित्रात, वेष आणि पवित्रा यांची जी जाण दिसते तिचे श्रेय पॅरिसच्या कलाशिक्षणाबरोबरच घरातल्या या सरावालाही द्यावे लागेल. पण पितापुत्रींमधील एक भेद अधिक महत्त्वाचा आहे. तिचे १९३५ चे 'तीन मुली' हे चित्र प्रसिद्ध आहे. १९३७ साली बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक त्याला मिळाले. त्या तिघी तिच्या नात्यातील मुली होत्या. चित्राच्या नावात मात्र त्यांची नावे नाहीत, आणि प्रेक्षक त्यांच्याकडे भारतीय स्त्रीच्या मूक दुःखाचे प्रतीक म्हणून पाहत आला. वडिलांच्या छायाचित्रांत घरच्या माणसांना नाव होते. मुलीच्या तैलचित्रात नात्यातील मुली प्रातिनिधिक झाल्या. अमृताच्या हेतूवर हा आक्षेप नाही; कलेला असे सामान्यीकरण करण्याचा हक्क आहे. परंतु ते घडले हे ठाऊक असल्याखेरीज त्या चित्राचा अर्थ लावू पाहणे म्हणजे संहितेची प्रत न तपासता टीका लिहिणे होय.

आपल्या परंपरेला ही दृष्टी अपरिचित नाही. 'शाकुंतला'च्या सहाव्या अंकात दुष्यंत शकुंतलेचे चित्र काढतो. मुखसादृश्य इतके साधले आहे की विदूषक थक्क होतो. तरी राजाच्या मते चित्र अपुरे आहे. मालिनी नदी, हिमालयाचा पायथा, वल्कले टांगलेला वृक्ष आणि त्याखालची हरिणी हे सारे काढावयाचे राहिले आहे. चेहरा पूर्ण झाला, पण ती भेट अजून चित्रात आलेली नाही, ही त्याची तक्रार आहे. त्या चित्रात विरही राजाचा अपराध जितका आहे, तितकीच शकुंतलाही आहे. व्यक्तिचित्र हे काढणाऱ्याचेही चित्र असते, हे कालिदासाला सिद्धांत म्हणून सांगावे लागले नाही. त्याने ते रंगभूमीवर दाखवले.

यावर असा आक्षेप येईल की साहित्याच्या अभ्यासकाने चित्रांच्या वाटेला जावेच कशाला? उत्तर सोपे आहे: तो त्या वाटेला गेलेलाच आहे. आपले वाङ्मयेतिहास, गौरवग्रंथ, पाठ्यपुस्तके आणि विभागांच्या भिंती लेखकांच्या चेहऱ्यांनी भरलेल्या आहेत. एखाद्या कवितेचे पाठभेद सांगण्यासाठी जो संपादक पाने खर्च करतो, तोच मुखपृष्ठाच्या आतील छायाचित्राखाली छायाचित्रकाराचे नाव छापत नाही. ज्ञानेश्वर किंवा तुकाराम यांची आज घरोघरी असलेली चित्रे उत्तरकालीन चित्रकारांच्या कल्पनेतून आली आहेत. विद्यार्थी मात्र ती छायाचित्राइतकीच प्रमाण मानतो, कारण तसे नाही हे त्याला कोणी सांगितलेले नसते. भक्ताने ते रूप हृदयात धरावे, त्याबद्दल कोणाचीच तक्रार नसावी. अभ्यासग्रंथाने मात्र कल्पित चित्राला कल्पित म्हणावे.

अशी नोंद ठेवल्याने काय हाती लागते याचे प्रत्यंतर अमृताच्याच बाबतीत मिळाले आहे. तिचे भाचे, चित्रकार विवान सुंदरम् (१९४३–२०२३), यांनी २००१-०२ मध्ये आजोबांच्या छायाचित्रांची संगणकावर नवी जुळणी केली आणि २०१० साली तिची पत्रे व लेखन दोन खंडांत संपादित केले. मुंबईचे कलासमीक्षक कार्ल खंडालावाला यांच्याशी झालेला तिचा पत्रव्यवहार, तिची तैलचित्रे आणि वडिलांची छायाचित्रे ही सामग्री एकत्र वाचता येते, कारण प्रत्येकाचा कर्ता ज्ञात आहे. आपल्या किती लेखकांविषयी असे म्हणता येईल? जुने स्टुडिओ बंद पडत गेले, काचेच्या निगेटिव्ह फुटल्या, आणि ज्या हौशी मित्राने, भावाने किंवा पत्नीने ते एकमेव चांगले छायाचित्र काढले त्याचे नाव सांगणारी पिढी निघून चालली आहे.

तेव्हा माझी सूचना अगदी व्यावहारिक आहे. भारतीय भाषांच्या नियतकालिकांनी आणि विद्यापीठीय प्रकाशनांनी यापुढे लेखकाचे कोणतेही चित्र छापताना ते कोणी, कोठे, केव्हा काढले हे त्याखाली द्यावे. छायाचित्रावरून रंगवलेले असेल तर तसे सांगावे, कल्पनेतून आलेले असेल तर तसे लिहावे, आणि माहिती नसेल तेथे 'कर्ता अज्ञात' हे दोन शब्द छापावेत. हस्तलिखिताच्या बाबतीत हे सारे आपण निमूटपणे करीत आलो आहोत. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा असताना आणि चित्रे अगणित झाली असताना हे काम उद्यावर टाकले, तर पुढच्या अभ्यासकाच्या हाती चेहरे पुष्कळ येतील. ते कोणाच्या नजरेने पाहिलेले आहेत हे मात्र त्याला कळणार नाही.