माळ्यावरचा हापूस

रत्नागिरीत हापूस माळ्यावर पिकतो, हे तुम्हाला ठाऊक असेलच. गवताची अढी घालायची, फळं मांडायची आणि वासावर लक्ष ठेवायचं. आमच्या माळ्यावर मात्र एक हापूस तब्बल तीस वर्षं पडून होता. पिवळाधमक आणि सहा तारांचा.

थांबा, नीट सांगते.

आमचा काका साठीचा झाला. आम्ही तिघं चुलत भावंडं मुंबई-पुण्यात कमावती (माझ्यापुरता हा शब्द जरा सैल घ्या, फ्रीलान्सरच्या मानधनात मान आधी येतो, धन सावकाश). ठरलं की यंदा गणपतीला काकाला सॉलिड गिफ्ट द्यायचं. शर्टपीस आणि मनगटी घड्याळाच्या पलीकडचं काहीतरी.

काका ऐंशीच्या दशकात इथल्या एका ऑर्केस्ट्रात लीड गिटार वाजवायचा. गणपती, जत्रा, लग्नाची वरात, काहीही. 'कर्ज' हा सिनेमा १९८० साली आला आणि गोरख शर्मांनी वाजवलेली त्यातली ती गिटारची धून आल्याशिवाय पब्लिक जागचं हलायचं नाही म्हणे. मुंबईत १९८४ साली 'रॉक मशीन' सुरू झाला होता. उदय बेनेगलचा आवाज आणि महेश तिनईकरची गिटार. १९८८ साली त्यांचा 'रॉक अँड रोल रेनेगेड' आला, तेव्हा काकाने ती कॅसेट पेन्सिलने गुंडाळून गुंडाळून झिजवली.

आणि त्याच वर्षी त्याच्याकडे ती आली. जहाजावर नोकरीला असलेल्या मित्राने जपानहून आणलेली, आयबानेझ आरजी ५५०. रंगाचं कंपनीने दिलेलं नाव डेझर्ट सन यलो. आता रत्नागिरीत वाळवंटाचा सूर्य कोणाला माहीत? ड्रमरने खोका उघडला आणि म्हणाला, "अरे, हा तर हापूस!" झालं, बारसं उरकलं.

घरातली अधिकृत कथा अशी, की १९९४ साली आजोबा आजारी पडले तेव्हा काकाने हापूस विकला. मग दुकान सांभाळलं, संसार केला, विषय संपला.

गंमत म्हणजे कंपनीनेही हे मॉडेल १९९४ सालीच बंद केलं. १९८७ साली सुरू झालेली ही गिटार म्हणजे त्या काळाचा अस्सल नमुना. चोवीस फ्रेट, भडक रंग आणि सुसाट बोटांसाठी पातळ मान. पण नव्वदीत हवा बदलली. 'निर्वाना'चा 'नेव्हरमाइंड' १९९१ साली आला आणि पोरांना साध्या, खरखरीत आवाजाची ओढ लागली. भडक गिटारी एकदम काकूबाई वाटू लागल्या. आमच्याकडे तर गिटारवालाच नकोसा झाला. एक कीबोर्ड आणला की ढोलकीपासून बासरीपर्यंत सगळं एकाच माणसात! ऑर्केस्ट्राची दहा माणसं कोण पोसणार?

पण फॅशनचं चाक फिरतंच की. २००७ साली विसाव्या वाढदिवसाची मर्यादित आवृत्ती निघाली आणि २०१८ साली 'जेनेसिस' नावाने आरजी ५५० पुन्हा बाजारात आली. तोच पिवळा रंग, जपानमध्येच बनवलेली. ज्यांना सतराव्या वर्षी ती परवडली नाही, त्यांच्या खिशात आता ईएमआय भरण्याची ताकद आहे, हे कंपनीला पक्कं ठाऊक असणार. नॉस्टॅल्जिया हा सध्याचा सगळ्यात चालणारा माल आहे, बॉस!

आम्हीही फशी पडलो. मुंबईतल्या दुकानात किंमत लाखाच्या घरात सांगितली. तिघांत वाटून घ्यायचं ठरलं, मी माझा वाटा हप्त्याने देणार होते. सरप्राइज फुटू नये म्हणून मी काकाला फोनवर आडून आडून विचारलं, "काका, तुझी ती गिटार आज परत मिळाली तर?"

बराच वेळ आवाज नाही. मग म्हणाला, "परत कशाला मिळायला हवी? माळ्यावर आहे ती."

मी त्याच शनिवारी मांडवी एक्स्प्रेस पकडली.

शिडी लावून काका स्वतः वर चढला. जुन्या सतरंजीत गुंडाळलेली, वर प्लॅस्टिक, भोवती गवत. अगदी अढीच! रंग जरा उतरलेला, पण हापूसच. सीरियल नंबर 'एफ'ने सुरू होणारा. एफ म्हणजे मात्सुमोतोचा फुजीजेन कारखाना, आणि पुढचा आठ म्हणजे १९८८.

"मग विकली का म्हणालास?"

"विकली म्हटलं की कोणी 'वाजव रे' म्हणत नाही," काका म्हणाला. "बाबा खोलीत पडलेले, दुकानाचं कर्ज डोक्यावर. समोर दिसली असती तर हात राहिला नसता गो. आणि विकवतही नव्हती."

आजीला हे शेवटपर्यंत कळलं नाही. आपल्या औषधपाण्यापायी भावाची गिटार गेली, असं माझे बाबा आजही सांगतात. मी काय बोलणार? काकानेच खाली जाऊन त्यांना हाक मारली.

आता खरा प्रश्न. ही वाजेल का?

या गिटारीचा जीव तिच्या ब्रिजमध्ये असतो. फ्लॉइड रोज नावाच्या अमेरिकन माणसाने सत्तरच्या दशकाच्या अखेरीस शोधलेली ही युक्ती. तारा दोन्ही टोकांना कुलूपबंद करायच्या आणि ब्रिज दोन खिळ्यांवर सुरीच्या धारेसारखा टेकवायचा. पुढून तारा ओढणार, मागून स्प्रिंगा ओढणार. दांडी दाबली की सूर खोल विहिरीत जातो आणि सोडली की जागेवर येतो. एकच तोटा, एक तार तुटली की तोल जातो आणि बाकीच्या पाचही बेसूर! जत्रेत रात्री बारा वाजता तार तुटली की काकाचा घाम निघायचा.

त्या धारेला गंज लागला की सूर परत जागेवर येत नाही. आणि आपली खारी हवा तर खिडकीचे गज खाते! मुंबईच्या कारागिराने तपासून सांगितलं, लाकूड ठणठणीत, मान सरळ, पिकअप जिवंत, ब्रिज मात्र गेला.

इथे मला त्या नव्या मॉडेलचं खरं महत्त्व कळलं. नव्या आरजी ५५० वर जुन्यासारखाच 'एज' जातीचा ब्रिज आहे. म्हणजे मॉडेल परत आलं तशी जुन्याची औषधंही परत आली. मागवलेला ब्रिज जुन्या खाचेत बरोब्बर बसला आणि सगळं मिळून खर्च वीस हजारांच्या आत. पुनरागमन म्हणजे फक्त लाखाची नवी वस्तू नसते तर! आधीच्यांना मिळालेलं जीवदानही असतं.

तरी मी काकाला विचारलंच, "नवीकोरी नको ना नक्की?"

"नवी आणलीत तर वाजवीन की. पण पाहुण्यासारखी."

गणपतीत दुसऱ्या रात्री, आरती झाल्यावर, काका ओटीवर बसला. आधी देवघराच्या खणातून एक छोटी अॅलन की काढली. तारांची कुलपं कसायची ती मूळ किल्ली! तीस वर्षं उदबत्तीच्या पुड्यांशेजारी पडलेली, आणि आम्हाला ती सायकलची वाटायची. मग 'कर्ज'ची ती धून. दोनदा चुकला. बोटं दुखली म्हणून मधेच थांबला, शिवी हासडली, परत सुरू केलं. बाबा खांबाला टेकून ऐकत होते. चष्मा पुसायला त्यांनी उगाच फार वेळ घेतला.

रस्त्यावरून बेंजोवाली पोरं चालली होती, ती फाटकाशी थबकली. बेंजो म्हणजे आपलं ते बटणांचं वाद्य हो, पिकअप लावून कर्ण्यातून गर्जणारं. त्याचं मूळ जपानी 'ताइशोगोतो' १९१२ साली नागोया शहरात जन्मलं, आणि आयबानेझ काढणारी होशिनो गाक्की कंपनीही नागोयाचीच. हे ज्ञान मी काकाला दुपारीच पाजलं होतं.

एका पोराने विचारलं, "काका, कुठची ही?"

काकाने हापूस मांडीवर नीट धरला. "तुमच्या बेंजोच्या गावची. ये, बस. आधी सूर मिळव."