सहाव्या वर्षाची दाढ

सहा-सात वर्षांच्या मुलास घेऊन माता चिकित्सालयात येते. तक्रार बहुधा पोटाची, किंवा मूल नीट जेवत नाही अशी असते. जिव्हापरीक्षणासाठी तोंड उघडावयास सांगावे, तर खालच्या जबड्यात सर्वांत मागे असलेल्या दाढेवर काळा खड्डा दिसतो. तो दाखविला की उत्तर ठरलेले असते, "दुधाचाच दात आहे, पडून जाईल." हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे की आता ते ऐकण्यापूर्वीच कानांत उमटते.

ती दाढ दुधाची नसते. पहिली कायमची दाढ वयाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास उगवते, आणि ती कोणत्याही दाताच्या जागी येत नाही. दुधाच्या शेवटच्या दाढेमागे मोकळ्या हिरडीतून वर येते. आधी दात पडला नाही, रक्त आले नाही, छपरावर दात टाकण्याचा सोहळा झाला नाही. मग घरातील कोणाच्या लक्षात यावे? नवी दाढ काही महिने शेजारच्या दाढेपेक्षा खुजी असते, त्यामुळे ब्रश तिच्यावरून तसाच निघून जातो. तिच्या माथ्यावरील खाचांत अन्न अडकते आणि ज्या दाढेने साठ-सत्तर वर्षे चर्वण करावयाचे, ती आठव्या-नवव्या वर्षीच निकामी होऊ लागते.

शाळेत दातांचे प्रकार शिकविले जात नाहीत असे नाही. पटाशीचे दात तोडतात, सुळे फाडतात, उपदाढा व दाढा चावतात व दळतात, हे मुले धडाधड म्हणून दाखवितात. परंतु यांपैकी कोणता दात पडणार आणि कोणता जन्मभर राहणार, हे त्यांना कोणी सांगत नाही. मुलाच्या तोंडात उपदाढा मुळी नसतातच; दुधाच्या वीस दातांत आठ पटाशीचे, चार सुळे व आठ दाढा एवढेच असतात. पुस्तकातील बत्तीस दातांचे चित्र पाहून स्वतःच्या तोंडात दात मोजणारे मूल गोंधळले, तर दोष त्याचा नव्हे.

येथे आपल्या शास्त्राविषयीही स्पष्ट बोलणे आम्हास आवश्यक वाटते. काश्यपसंहितेतील दंतजन्मिक अध्याय हा बालदंतविषयक अत्यंत मोलाचा ग्रंथभाग होय. राजदंत, बस्त, दंष्ट्रा, हानव्य अशी दातांची नावे तेथे आहेत. एकदाच उगवणारे व दोनदा उगवणारे हा भेदही तेथे स्पष्ट केलेला आहे. इतक्या प्राचीन काळी हा भेद नोंदविणाऱ्या आचार्यांविषयी आदर वाटल्यावाचून राहत नाही. मात्र तेथे सकृज्जात दात आठ आणि द्विज चोवीस सांगितले आहेत. प्रत्यक्षात दुधाचे दात वीस असतात आणि एकदाच येणारे बारा. हा चारांचा फरक किरकोळ नव्हे. चोवीसांचे चार भाग केले तर प्रत्येक बाजूस सहा दात होतात. म्हणजे मध्यरेषेपासून सहावा दातही पडणाऱ्यांत जमा होतो. तो सहावा दात म्हणजेच ही पहिली कायमची दाढ. संहितेतील गणना जशीच्या तशी वर्गात सांगितली, तर मातेच्या ज्या चुकीने दाढ जाते, तिलाच आपण शास्त्राचा आधार देऊन बसू. संहिता आदराने शिकवावी, परंतु मुलांसमोर दात मात्र मुलांच्या तोंडातच मोजावेत.

हा प्रश्न आपल्या व्यवसायबंधूंचा विशेष आहे, त्यास आणखी एक कारण आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघर येथे झाला. त्याच्या फिरत्या पथकांत आयुष वैद्यकीय अधिकाऱ्यांची योजना आहे. अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा व शाळेतील मुलांची एकदा तपासणी त्यांनी करावयाची असते आणि दंतविकार हा त्या तपासणीचा भाग आहे. पैठण, कन्नड, सिल्लोडकडील शाळांत मुलाच्या तोंडात डोकावणारा पहिला वैद्यक पदवीधर पुष्कळदा आपलाच असतो. तपासणीपत्रकात खूण करण्यास जेवढा वेळ लागतो, तेवढ्याच वेळात मुलास स्वतःच्या बोटाने मध्यापासून एक, दोन, तीन असे मोजावयास लावता येते: पहिले पाच पडतील, सहावा पडणार नाही. सहावा दात सहाव्या वर्षी, हे मूल विसरत नाही; आणि घरी जाऊन आजीला सांगितल्याशिवाय राहत नाही. दाढेत कीड नसली तरी खाचा खोल असतील, तर मुलास दंतवैद्याकडे पाठवावे. खाचा बुजविणारा लेप लावण्याची सोय असते आणि शहरात शासकीय दंत महाविद्यालय आहेच.

आता दंतधावनाविषयी. बाभूळ व निंब यांची काडी मराठवाड्यात आजही वापरात आहे आणि कषाय-कटू-तिक्त रसांचा उपदेश सर्वांस परिचित आहे. परंतु बारा अंगुळे लांब व करंगळीएवढी जाड काडी सहा वर्षांच्या मुलाच्या मागील दाढेपर्यंत पोहोचत नाही, हे मान्य करण्यात कमीपणा नाही. लहान, मऊ ब्रश आडवा धरून त्या खुज्या दाढेवर फिरवावा आणि सात-आठ वर्षांपर्यंत ते काम आईबापांनीच करावे. वाग्भटाने भोजनोत्तरही दंतधावन सांगितले आहे व हिरडीस इजा होऊ नये अशी अट घातली आहे. या दोन्ही गोष्टी पाळण्यास कोणते साधन वापरले हे गौण आहे. कवल पाच वर्षांच्या आत नको, हेही त्याचेच वचन. तेव्हा तेलाच्या गुळण्यांचा उत्साह लहानग्यांवर नको.

फ्लोराइडयुक्त पेस्टविषयी आपल्यापैकी काही जण रुग्णांस सरसकट भीती घालतात. आमचे मत वेगळे आहे. किनवटसारख्या भागांत, जेथे भूजलात फ्लोराइड अधिक आढळते, तेथे पाण्याची चौकशी अवश्य करावी. परंतु जायकवाडीचे पाणी पिणाऱ्या आपल्या शहरातील मुलास तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी व पुढे वाटाण्याएवढी पेस्ट देण्यास आडकाठी करण्याचे कारण आम्हास दिसत नाही. भीती घालून पेस्ट सोडावयास लावावी आणि हाती खरखरीत गेरूचे मंजन द्यावे, यात मुलाचा लाभ कोणता? तंबाखू घातलेल्या मंजनांवर १९९२ पासून बंदी आहे, तरी घरोघरी भाजलेली मिश्री चालूच आहे आणि आजीच्या बोटावरून ती नातवाच्या हिरडीवर जाते. औषधी दुकानदार बंधूंनी घटकद्रव्ये व बॅच क्रमांक नसलेली सुटी मंजने मुलांसाठी देऊ नयेत, ही आमची आग्रहाची विनंती आहे. दोन-चार गिऱ्हाईके शेजारच्या दुकानात जातील, हे आम्ही जाणून आहोत.

राहता राहिली आपल्याच पुडीतील साखर. सितोपलादी चूर्णाच्या एकतीस भागांत सोळा भाग खडीसाखर असते. ते मधात कालवून रात्री झोपण्यापूर्वी चाटविण्यास आम्हीही वर्षानुवर्षे सांगत आलो. झोपेत लाळ कमी होते आणि ते मधुर चाटण दाढेच्या खाचांत रात्रभर बसून राहते. मिठाई नको म्हणून मुलास दटावणाऱ्या वैद्याने स्वतःच्या चाटणाचा विचार केला नाही, ही चूक आमची होती. आता आम्ही शेवटची मात्रा रात्रीच्या जेवणापूर्वी देतो, किंवा चाटण झाल्यावर दात घासूनच झोपावयास सांगतो. पुडीवर तसे दोन ओळींचे शिक्केच करून घेतले आहेत.