सोनघंटा रोपवाटिकेत का नाही?

मला एक झुडूप विकत हवं आहे आणि ते मिळत नाही. आमच्या मिरजोळ्यापासून रत्नागिरी शहरापर्यंत जेवढ्या रोपवाटिका आहेत तिथे विचारून झालं. बोगनवेलीचे दहा रंग आहेत, थायलंडहून आलेला चाफा आहे, दक्षिण अमेरिकेतलं अब्युटिलॉनसुद्धा मागवून देतो म्हणाले. पण त्याच अब्युटिलॉनची सह्याद्रीतली बहीण, सोनघंटा, तिचं नावही कोणाला ठाऊक नव्हतं.

सोनघंटा म्हणजे अब्युटिलॉन रानडेई. भेंडी, अंबाडी, जास्वंद यांच्या कुळातलं झुडूप. पुरुषभर किंवा त्याहून थोडं उंच वाढतं. पानं हृदयाच्या आकाराची, लवदार. फुलं खाली मान घालून लोंबणारी, पिवळी, पाकळ्यांवर तांबड्या शिरा. ती येतात डिसेंबर ते मार्चमध्ये. आमच्याकडे त्या दिवसांत सगळ्यांचे डोळे मोहोराकडे आणि तुडतुड्यांकडे लागलेले असतात. अबोली आणि जास्वंद सोडली तर परड्यात रंग असा नसतोच. बागेला नेमकं या महिन्यांत फुलणारं काहीतरी हवं असतं, आणि ते आपल्याच डोंगरात आहे.

तिचं शास्त्रीय वर्णन 1894 साली प्रसिद्ध झालं. करणारे दोघे: पुण्याच्या सायन्स कॉलेजातले वूड्रो आणि लंडनच्या क्यू उद्यानातले स्टाप्फ. नाव दिलं ते एन. बी. रानडे या मराठी वनस्पतिसंग्राहकाचं. ज्या काळात गोळा करणारा नेटिव्ह आणि नाव साहेबाचं अशीच रीत होती, त्या काळात हे घडलं. दुसरी गोष्ट मला त्याहून बोलकी वाटते. वूड्रो यांनी हिंदुस्थानातल्या बागकामावर पुस्तक लिहिलं होतं आणि त्या पुस्तकाच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. म्हणजे या झुडपाला नाव देणारा माणूस मुळात बागाईतला जाणकार होता. तरीही सव्वाशेहून अधिक वर्षांत सोनघंटा आपल्या बागांत आली नाही. आंबा घाट, आंबोली अशा मोजक्या ठिकाणी ती तग धरून आहे आणि धोक्यातल्या वनस्पतींत गणली जाते.

आंबा घाट म्हणजे आमचा कोल्हापूरचा रस्ता. साखरपा सोडला की चढण लागते. माझी ही हौस कळल्यावर ओळखीतल्या एका गृहस्थांनी सहज सांगितलं, "काकू, कशाला शोधताय? पुढच्या खेपेला गाडीत फावडं टाकतो, मुळासकट आणून देतो." मी नको म्हटलं. पण खरं सांगायचं तर त्यांचा मला राग आला नाही. विकत मिळत नसेल आणि आवडत असेल, तर माणूस घाटातच जाणार. दुर्मीळ झाडं जपायची म्हणून ती लोकांपासून लपवून ठेवणं हे धोरण इथेच फसतं.

ऑस्ट्रेलियाचं उदाहरण घ्या. सिडनीजवळच्या डोंगरघळीत 1994 साली वोलेमी पाइन सापडला. जंगलात प्रौढ झाडं शंभरहूनही कमी. तिथल्या सरकारने जागा गुप्त ठेवली, पण झाड गुप्त ठेवलं नाही. रोपं वाढवली, 2006पर्यंत ती बाजारात आली आणि विक्रीतला वाटा संवर्धनाला दिला. ज्याला हौस आहे त्याला रोप दुकानात मिळायला लागलं, घळीत उतरायचं कारण उरलं नाही.

आपल्याकडे हे जमणार नाही असं कोणी म्हणू नये. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रातल्या काजूच्या जाती कोकणभर कशा पोचल्या? कृषी विद्यापीठाने कलमं बांधली आणि शेतकऱ्याला रास्त दरात दिली म्हणून. दापोलीला विद्यापीठ आहे, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाची दुर्मीळ वनस्पती जपणारी बाग आहे. 2002च्या जैवविविधता कायद्याने गावोगाव समित्या नेमायला सांगितलं आहे. वनखात्याने बेताने बी गोळा करावं, या संस्थांनी रोपं करावीत आणि प्रत्येक रोपाला चिठ्ठी बांधावी: बी कोणत्या घाटातलं, रोप कोणत्या साली केलं. चिठ्ठी नसलेलं रोप चोरीचं समजावं. संकर होऊ नये म्हणून परदेशी अब्युटिलॉनशेजारी लावलेल्या रोपाचं बी पुढे वाटू नये, हेही त्याच चिठ्ठीवर छापावं.

यावर एक आक्षेप रास्त आहे. बागेतलं झुडूप म्हणजे जंगल नव्हे. घाटातली सावली, तिथला पातेरा, तिथले किडे आणि पक्षी मी गडग्याच्या आत आणू शकत नाही. वणवा आणि रस्ता रुंदीकरण यांपासून घाटाची कड वाचवणं हे काम वेगळंच आहे आणि ते पहिलं आहे. पण ज्या माणसाच्या दारात सोनघंटा फुलते, तो त्या कडेवर जेसीबी चढला तर विचारायला जाईल. नाव ठाऊक नसलेल्या झुडपासाठी कोण भांडतं?

रोपं तयार झाली तर पहिला मान साखरपा, देवरुख, आंबोलीच्या आगरांना द्यावा, ती घाटाची शेजारी आहेत. मिरजोळ्यात जांभ्याचा कातळ, वर वीतभर माती, पावसात पाणी तुंबतं आणि मार्चपासून दगड तापतो. इथे लावायचं तर आळं उंच करावं लागेल, दुपारची सावली द्यावी लागेल. तोवर आमच्या कातळावरची अंजनी आणि धायटी आहेतच. निळीजांभळी अंजनी कुठल्याही बागेची शोभा वाढवील, पण प्लॉट साफ करताना आपण तिलाच आधी तोडतो आणि मग कुंपणाला परक्या मुलखातली झुडपं पैसे देऊन आणतो.

सोनघंटेचं रोप चिठ्ठीसकट शंभर-दीडशे रुपयांना मिळू द्या. मी दोन घेईन, आणि फावडं घेऊन घाटात निघालेल्या त्या गृहस्थांनाही एक घ्यायला लावीन.